शेतातले दोघे

आगमनकाळाचा पहिला रविवार (अ वर्ष)
वाचने : यशया २:१-५, रोमकरांस पत्र १३:११-१४, मत्तय २४:३७-४४



आज आपण आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटवली आणि नव्या उपासना-वर्षात पाऊल टाकले. मंदिरातले बरेच बाक मात्र आज रिकामे आहेत. त्याचे कारण कुणालाही विचारावे लागत नाही. दिवाळी झाली, मुकादमांचे ट्रॅक्टर भरून निघाले आणि आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गेली. मागे राहिली ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. आजचा उपदेश या मागे राहिलेल्या मुलांनी हाती घेतलेल्या एका कामाविषयी आहे. पण त्याआधी देवशब्दाकडे वळू या.

पहिल्या वाचनात यशया संदेष्टा प्रभूच्या पर्वताचे दर्शन घडवतो. सर्व राष्ट्रे त्या पर्वताकडे निघाली आहेत. देव त्यांचा न्याय करील आणि मग लोक आपली लढाईची हत्यारे लोहाराच्या भट्टीत टाकतील. तलवारीच्या लोखंडातून नांगराचा फाळ निघेल, भाल्याच्या पात्याचा कोयता होईल. युद्ध कसे करायचे हे शिकवणाऱ्या शाळाच बंद पडतील.

कोयता हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपल्याकडे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो तीही कोयत्याच्या हिशेबाने. हे अवजार आपल्या लोकांच्या घामाचे आणि कर्जाचेही आहे. तरीसुद्धा संदेष्ट्याने शांतीचे चित्र काढताना राजवाडा काढला नाही, शेतातले अवजार काढले. माणूस निर्भयपणे आपल्या रानात उभा आहे, त्याच्या हातात काम आहे आणि त्याच्या पायाखालची जमीन त्याला भाकर देते आहे, एवढीच देवाच्या शांतीची खूण यशयाने सांगितली.

आता शुभवर्तमान ऐका. प्रभू येशू सांगतो, दोन माणसे शेतात काम करत असतील. एकाला नेले जाईल, दुसरा मागे राहील. दोघी जणी जात्यावर दळत असतील. एकीला नेले जाईल, दुसरी मागे राहील. प्रभूच्या या बोलण्याचा अर्थ जागे राहण्याविषयी आहे. त्याचे येणे कोणत्या घटकेला होईल हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून रोजच्या कामातही मन जागे ठेवा, असे तो सांगतो. हा अर्थ आपण बदलायचा नाही. पण जगात असे देश आहेत की जिथे हे वचन ऐकताना माणसाच्या अंगावर काटा येतो, कारण तिथे खरोखरच दोघे शेतात जातात आणि एकच परत येतो.

त्या शेतांत भूसुरुंग पुरलेले आहेत. युद्धात सैनिक तो जमिनीत थोड्याशा खोलीवर पुरतात. बशीएवढा किंवा त्याहूनही लहान, बराचसा प्लॅस्टिकचा. पाऊल पडले, दाब आला की तो फुटतो. लहान मुलाच्या वजनानेही फुटू शकतो. युद्ध संपते, करार होतात, सैनिक घरी जातात, पण सुरुंगाला युद्ध संपल्याचे कुणी कळवत नाही. तो वीस, तीस, चाळीस वर्षे तसाच वाट पाहत पडून राहतो. एक सुरुंग तयार करायला तीन डॉलर इतका कमी खर्च येऊ शकतो आणि तोच शोधून काढायला तीनशे ते हजार डॉलर लागतात, असा हिशेब या क्षेत्रात काम करणारे अनेक वर्षे मांडत आले आहेत. पुरणे स्वस्त, काढणे महाग. पापाचाही हिशेब साधारण असाच असतो.

कंबोडिया या देशात अनेक वर्षे यादवी युद्ध चालले आणि लढणाऱ्या सर्वच बाजूंनी सुरुंग पेरले. १९७९ पासून तिथे सुरुंगांनी आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने सुमारे २० हजार माणसे मेली आणि ४५ हजारांच्या आसपास जखमी झाली. त्यांत हजारोंचे हातपाय गेले. हे बहुतेक भातशेती करणारे, सरपण गोळा करणारे, गुरे राखणारे लोक, म्हणजे आपल्यासारखेच. अफगाणिस्तान, अंगोला, म्यानमार, युक्रेन अशी ही यादी लांबत जाते. सुरुंगांविषयी दरवर्षी निघणाऱ्या जागतिक अहवालाने २०२३ या एका वर्षात ५,७५७ माणसे मेली किंवा जखमी झाली अशी नोंद केली. त्यांत दर शंभरांत ८४ जण सैनिक नव्हते, साधे नागरिक होते. आणि ज्या नागरिकांचे वय समजले त्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुले होती.

तिसगावात बसून ही भीती आपल्याला कशी समजावी? थोडी समजू शकते. उसाच्या फडात बिबट्या आल्याची बातमी उठली की आपण रात्री मोटर चालू करायला जायला धजत नाही. आपलेच रान आपल्याला परके होते. पण बिबट्या निघून जातो, वनखाते पिंजरा लावते. सुरुंग जात नाही. नगरजवळच्या के. के. रेंजच्या लष्करी सराव क्षेत्राविषयी आपण ऐकलेले आहे. तिथले न फुटलेले गोळे भंगारातल्या चार पैशांसाठी उचलून फोडताना त्या भागातील गरीब माणसांचे जीव गेले आहेत. आणि आपल्याच राज्यात, १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी घडवलेल्या भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. तेव्हा हा प्रश्न पार सातासमुद्रापलीकडचा आहे असेही नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला कृती आणि कर्ता यांचा संबंध शिकवला जाई. प्रत्येक मानवी कृतीमागे जाणणारी बुद्धी आणि निवडणारी इच्छा असते, म्हणून माणूस आपल्या कृतीला जबाबदार असतो. बंदूक रोखणाऱ्याला निदान समोरचा चेहरा दिसतो. क्षणभर का होईना त्याचा विवेक बोलू शकतो, बोट चापावरून मागे येऊ शकते. सुरुंगाला डोळे नाहीत. समोर शत्रू आहे की सरपणाची मोळी घेतलेली बाई, हे तो पाहत नाही. ज्याने तो पुरला त्याला कुणाचा पाय गेला हे कधीच कळत नाही, आणि ज्याचा पाय गेला त्याला क्षमा कुणाला करावी हे कळत नाही. माणसाने आपल्या कृतीतून स्वतःची नजर काढून घेतली की केवढे वाईट घडते याचे हे उदाहरण आहे. म्हणूनच ख्रिस्तसभेने या हत्याराचा निषेध केला. १९९७ साली कॅनडातील ओटावा येथे व्यक्तिविरोधी भूसुरुंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला तेव्हा त्यावर सही करणाऱ्यांत व्हॅटिकन होते, आणि १९९८ साली त्याने तो करार रीतसर मान्यही केला. १ मार्च १९९९ पासून तो लागू झाला. दीडशेहून अधिक देश त्यात आले. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान आणि आपला भारत यांनी त्यावर सही केलेली नाही. प्रत्येकजण आपल्या सीमांची काळजी पुढे करतो. २०२५ साली तर युरोपातील पाच देशांनी या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. यशयाच्या पर्वताची वाट चढणीची आहे. काही जण अर्ध्यावरून मागे फिरतात.

पण त्या वाटेवर पुढे चालणारेही आहेत. तुन चन्नारेथ हा कंबोडियाचा माणूस. १९८२ साली थायलंडच्या सीमेवर सुरुंगाने त्याचे दोन्ही पाय गेले. पुढे तो आपल्या येशूसंघीय फादरांच्या सेवाकार्यात अपंगांसाठी चाकाच्या खुर्च्या बनवू लागला. १९९७ साली सुरुंगबंदीच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा मोहिमेच्या वतीने ते स्वीकारायला ऑस्लोच्या सभागृहात हा माणूस चाकाच्या खुर्चीतून गेला. त्याच देशात स्पेनहून आलेले येशूसंघीय फादर एन्रिके फिगारेदो यांनी आपले आयुष्य सुरुंगाने अपंग झालेल्यांसाठी वेचले. २००० साली त्यांची बाटामबांग येथील ख्रिस्तसभेचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. लोक त्यांना प्रेमाने 'चाकाच्या खुर्च्यांचे बिशप' म्हणतात. बिशपाची ओळख खुर्चीवरून व्हावी हे बरोबरच आहे. फक्त ही खुर्ची त्यांनी स्वतःसाठी घेतली नाही, दुसऱ्याला दिली.

आणि या कामात शाळकरी मुलेही मागे नाहीत. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील विद्यार्थ्यांनी सुरुंगांविरुद्ध एक गट काढला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'साम' म्हणजे 'स्तोत्र' हा शब्द तयार होतो. त्यांनी सुरुंगग्रस्तांसाठी पैसे जमवले, लोकांना माहिती दिली आणि स्वतःच्या सरकारलाही पत्रे लिहिली. त्याच देशातील मार्शल लेगसी इन्स्टिट्यूट या संस्थेच्या उपक्रमात शाळांनी वर्गणी काढून सुरुंग हुंगून शोधणारे कुत्रे तयार करायला मदत केली, जखमी मुलांच्या उपचारालाही हातभार लावला. धर्मशिक्षण वर्गातल्या छोट्यांसाठी आणखी एक गोष्ट. मगावा नावाचा एक उंदीर होता. टांझानियात जन्मला, शिकून तयार झाला आणि कंबोडियात कामाला लागला. अंगाने हलका, म्हणून त्याच्या भाराने सुरुंग फुटत नसे. वास आला की तो जमीन उकरून खूण करी. त्याने शंभरावर सुरुंग आणि स्फोटके शोधली, २०२० साली त्याला शौर्याचे सुवर्णपदक मिळाले आणि २०२२ च्या जानेवारीत तो म्हातारपणाने गेला. देवाच्या कामात कोण लहान आणि कोण मोठा?

हे सर्व आपल्या युवा गटातील मुलामुलींनी वाचले, एकमेकांना सांगितले आणि गेल्या महिन्यात ते माझ्याकडे आले. आगमनकाळाचे चार आठवडे आम्ही डबा फिरवतो, असे त्यांचे म्हणणे. जमेल तो निधी जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीला पाठवायचा, परदेशातल्या सुरुंगग्रस्तांच्या शिबिरांसाठी असे लिहून. ही संस्था १९७५ पासून गरिबांना कृत्रिम पाय मोफत बसवते आणि अफगाणिस्तानासह अनेक देशांत तिने शिबिरे घेतली आहेत. तो जयपूर फूट मास्टर रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून घडवला. परदेशी बनावटीच्या पायावर बूट घालावा लागे. हा रबराचा पाय घालून आपला माणूस अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. म्हणूनच तो काबूलच्या शेतकऱ्यालाही चालतो.

मुलांचा हा विचार ऐकून आपल्यातील एका आबांनी मला रोखठोक विचारले, "फादर, आपल्याच पोरांच्या पायात चपला न्हाईत, आन् तुमी परदेशात पाय धाडता व्हय?"

बंधुभगिनींनो, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. तो प्रेमातून आलेला आहे. आबांची सून आणि मुलगा फडात आहेत, नातू त्यांच्याजवळ आहे, आणि उचल अजून फिटलेली नाही. जवळच्याला विसरून दूरच्याचे कौतुक करणे हा ढोंगीपणाच होय. म्हणून आधी एक स्पष्ट करतो. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी आपण जे करतो, त्यांच्या वह्या-पुस्तकांचे, आजारपणाचे, त्यातला एक रुपयाही या कामाला वळवला जाणार नाही.

पण प्रश्नाचे उत्तर एवढ्याने पुरे होत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रीतीच्या क्रमाचा विचार केला आहे. आईबाप, मुलेबाळे, शेजारी यांच्यावर आपले ऋण अधिक, म्हणून त्यांना आधी पाहावे, हे ते मान्य करतात. पण ते एक गोष्ट पुढे जोडतात. गरज किती तीव्र आहे हेही पाहिले पाहिजे. एखादा परका माणूस प्राणांतिक संकटात असेल आणि आपल्या वडिलांची गरज तेवढी निकडीची नसेल, तर आधी परक्याला हात द्यावा. चप्पल नसणे ही गरज आहेच. पण पायच नसणे ही वेगळी गरज आहे. आणि मुलाचा पाय गेला तर ती गरज एका दानाने संपतही नाही. मूल वाढते, हाड वाढते, त्याचा कृत्रिम पाय दर सहा महिन्यांनी तोकडा पडतो.

आणखी एक आठवण. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे आज आपल्यात आहेत. त्या वर्षी परदेशातून आलेले धान्य आणि तेल ख्रिस्ती संस्थांमार्फतही गावोगावी पोहोचले. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाकर यांनी याच नगर जिल्ह्यात आयुष्य काढले आणि पाणी अडवण्याचे, माती धरून ठेवण्याचे काम उभे केले. त्यांच्या पुढाकाराने जर्मनीच्या मदतीतून पाणलोटाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. जर्मनीतील कॅथलिक लोक १९५९ पासून दर उपवासकाळात 'मिसेरिओर' या नावाने दूरच्या गरिबांसाठी दान टाकतात. ज्या कामगाराने तिकडे नाणे टाकले त्याला पाथर्डी तालुका नकाशावर सापडला नसता. त्याच्याही गावात गरीब असतील. त्याच्या आजोबांनीही कदाचित आबांसारखेच विचारले असेल. तरी त्याने टाकले. परक्याच्या दानाचा घास आपण खाल्लेला आहे. आता परक्याला घास देण्याची पाळी आपली आली, तर आपण गरीब आहोत एवढ्याच कारणाने ती चुकवायची का?

गरीब केवळ घेणारा असतो ही समजूत श्रीमंतांनी पसरवली आहे. प्रभू येशूने मंदिरातल्या दानपेटीजवळ बसून एका विधवेची दोन लहान नाणी पाहिली आणि ती सर्वांत मोठी ठरवली. म्हणून मुलांना मी सांगितले आहे की डबा सर्वांच्या दारी न्या. कर्ज आहे म्हणून कुणाचे दार वगळू नका. गरिबाच्या दारावरून डबा पुढे नेणे हाही त्याचा अपमान आहे. मात्र कुणी नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा मागू नका, आणि कुणी किती दिले हे कुठेही लिहू नका. या पत्रकात देणगीदारांची यादी छापली जाणार नाही.

मुलांनी स्वतःसाठीही नियम केला आहे. शाळेबाहेरच्या वेफर्सच्या पुड्या, भेळ, मोबाइलच्या रिचार्जमधली बचत आधी डब्यात पडेल, मग ते तुमच्यापुढे येतील. आठवडी बाजारात ते लाल फलक घेऊन उभे राहतील. त्यावर कवटीचे चित्र असेल. सुरुंग असलेल्या शेताच्या बांधावर असाच फलक लावतात. कुणी हसेल, कुणी विचारील. विचारणाऱ्याला ते दोन मिनिटांत सांगतील. माहिती देणे हेही दानच आहे. आणि के. के. रेंजसारख्या ठिकाणची धातूची अनोळखी वस्तू हातात घेऊ नये, पोलिसांना कळवावे, एवढे एक वाक्य जरी बाजारातल्या दहा जणांच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

संत पौल आजच्या वाचनात झोपेतून उठायला सांगतो. रात्र सरत आली आहे, अंधाराची कामे टाकून प्रकाशाची शस्त्रे अंगावर चढवा, असे तो म्हणतो. ही शस्त्रे विकत मिळत नाहीत. ती घडवावी लागतात आणि घरातून सुरुवात होते. आपल्या मनाच्या जमिनीतही काही पुरलेले असते. भावकीत बांधावरून झालेले भांडण, वाटणीच्या वेळी बोललेला शब्द, वर्षानुवर्षे न फुटलेला राग. वरून गवत उगवते, सर्व शांत दिसते. मग एखाद्या लग्नात, एखाद्या दहाव्याला कुणाचा तरी पाय त्यावर पडतो आणि घर उद्ध्वस्त होते. असे सुरुंग काढायचे काम महाग असते. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात, हळू हाताने माती बाजूला करावी लागते. या चार आठवड्यांत पापनिवेदनाला या. डब्यात पैसे टाकणे आणि भावाशी अबोला धरणे, दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत.

नाताळला आपले ऊसतोडीचे भाऊबंद एक-दोन दिवसांसाठी तरी येतील अशी आशा आहे. जे येतील त्यांना मुले सांगतील की तुम्ही दूरच्या फडात होता तेव्हा आम्ही आणखी दूरच्या शेताची काळजी वाहिली. आणि जे येऊ शकणार नाहीत त्यांच्यासाठी, शेतातल्या प्रत्येक दोघांसाठी, दोघेही सुखरूप घरी यावेत म्हणून आपण आज प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू बेथलेहेमच्या मातीत पाऊल ठेवलेस. ज्यांची पावले युद्धाने हिरावली त्यांना उभे राहण्याचे बळ दे. सुरुंग शोधणाऱ्यांचे हात सांभाळ. सुरुंग पेरणाऱ्यांना डोळे दे. आमच्या कोयत्यांना भाकर दे, आमच्या मुलांच्या डब्याला बरकत दे, आणि आमच्या मनात पुरलेले वैर तुझ्या कृपेने बाहेर काढ. आमेन.

तुमचा धर्मगुरू

चिंतनासाठी
१. दूरच्या कुणाच्या दानामुळे माझ्या घराला कधी आधार मिळाला होता? ते मी मुलांना सांगितले आहे का?
२. माझ्या मनात कोणता 'न फुटलेला' राग पुरलेला आहे? तो काढण्यासाठी या आठवड्यात मी कुणाच्या दारी जाईन?
३. आगमनकाळात मी रोज कोणती एक गोष्ट सोडून तिची किंमत दुसऱ्याला देईन?

सूचना : युवा गटाचे डबे पुढील तीन रविवारी मिस्सेनंतर मंदिराच्या दाराशी असतील. नाताळआधी सर्वांसमोर डबे उघडून मोजदाद होईल आणि रक्कम पाठवल्याची पावती सूचनाफलकावर लावली जाईल.